सिमेंटचे भाव एकाच आठवड्यात का चढतात, आणि त्याचा देशाच्या अर्थव्यवस्थेशी काय संबंध

प्रश्न नागपुरात लहान बांधकामं घेणाऱ्या एका ठेकेदाराचा आहे. सगळ्या ब्रँडच्या सिमेंटचे भाव एकाच आठवड्यात वाढतात, ही कंपन्यांची मिलीभगत समजायची का? आणि मोजक्या कंपन्यांच्या हातात उद्योग एकवटले तर देशाचं खरंच काही बिघडतं, की हे नुसतं राजकारणातलं बोलणं?

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांच्या कॉस्ट शीट पाहण्यात माझा बहुतेक काळ गेला, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूनं देतो. भाव एकत्र वाढले एवढ्यानं मिलीभगत सिद्ध होत नाही. आणि हो, देशाचं बिघडतं. पण लोक बोट दाखवतात तिथे नाही, जरा दुसरीकडे.

आधी सिमेंट. महिन्याच्या एक तारखेच्या आसपास डीलरच्या व्हॉट्सॲपवर कंपनीच्या सेल्स ऑफिसरचा निरोप येतो: उद्यापासून गोणीमागे वीस रुपये. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या ब्रँडचाही तसाच येतो. डीलरला विचाराल तर तो म्हणेल, "काऊन वाढले ते मले नका विचारू, वरूनच आले." पंधरा तारखेपर्यंत त्यातले दहा-बारा रुपये गळूनही गेलेले असतात. मात्र बिलातला भाव तसाच राहतो. कमी होतं ते महिनाअखेरच्या क्रेडिट नोटमधून, म्हणजे कंपनी डीलरला मागाहून देते त्या सुटीतून: क्वांटिटी डिस्काउंट, कॅश डिस्काउंट, टार्गेट गाठल्याची स्कीम. अजून हातात न पडलेली ही स्कीम धरूनच डीलर तुम्हाला भाव देतो, म्हणून तो कधी कधी बिलापेक्षाही खाली विकताना दिसतो. आपल्याला गोणी नेमकी केवढ्याला पडली हे त्याला स्वतःलाही पुढच्या महिन्यात कळतं. शिवाय किरकोळ बाजाराचा ट्रेड भाव वेगळा, मोठ्या प्रकल्पांचा नॉन-ट्रेड भाव वेगळा.

इतका द्राविडी प्राणायाम कशासाठी? बिलाचा भाव सगळ्यांना दिसतो, क्रेडिट नोट कुणालाच दिसत नाही. म्हणजे बिलाचा भाव हा गिऱ्हाइकापेक्षा प्रतिस्पर्ध्यासाठी जास्त असतो. 'आम्ही वाढवले, तुम्ही बघा' एवढं त्यातून कळतं. जी काही थोडीफार स्पर्धा उरते ती क्रेडिट नोटमध्ये, दाराआड चालते.

आता कायद्याचं. स्पर्धा कायदा २००२ चा आहे, पण त्याची संगनमताविरुद्धची (कार्टेलविरोधी) कलमं लागू झाली २० मे २००९ पासून. त्यातल्या कलम ३ ला कंपन्यांमधला करार किंवा आपसातली समजूत सिद्ध व्हावी लागते. भाव एकत्र हलले एवढं पुरत नाही. विक्रेते तीनच असले की प्रत्येकाला पक्कं माहीत असतं: मी भाव पाडला तर बाकीचे दोघं उद्या पाडणार, माझा फायदा शून्य. मी वाढवला आणि ते मागोमाग आले तर तिघांचंही भलं. यासाठी हॉटेलात बसून ठरवायची गरजच नसते. मोबाइलचंच पाहा. २७ जून २०२४ ला जिओनं दरवाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानं. तुमच्या-माझ्या खिशाला जी कात्री लागली ती मिलीभगतीइतकीच, पण 'एकमेकांकडे पाहून दर ठरवले' हा गुन्हा नाही.

सिमेंटमध्ये मात्र हा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाला त्याहून जास्त काही दिसलं होतं. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या तक्रारीवर जून २०१२ मध्ये स्पर्धा आयोगानं ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६,३०० कोटींच्या घरात दंड केला. एकसारखे भाव एवढाच आधार नव्हता. उत्पादकांच्या संघटनेच्या बैठका होत होत्या, भाव-उत्पादनाची माहिती गोळा होत होती, आणि कारखान्यांची क्षमता पडून असताना भाव चढत होते. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण ज्याची भट्टी अर्धवट चालते त्यानं भाव पाडून गिऱ्हाईक ओढायला हवं. तो तसं करत नसेल तर का, हे विचारायलाच हवं. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये सुनावणीतल्या त्रुटीवर तो आदेश रद्द झाला, ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगानं पुन्हा दंड केला, जुलै २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो कायम केला, आणि सर्वोच्च न्यायालयात दहा टक्के रक्कम भरायच्या अटीवर स्थगिती मिळाली. २०१० ची तक्रार, आणि २०१८ मध्येही स्थगिती. जानेवारी २०२१ मध्ये नितीन गडकरींनीही सिमेंट-पोलाद कंपन्या संगनमत करतात असं जाहीरपणे म्हटलं होतं. रस्ते मंत्रालयाचा मंत्री म्हणजे सिमेंटच्या देशातल्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक. त्याची ही तक्रार, तर तुमचं-माझं काय घेऊन बसलात!

आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. नागपूरला बरंचसं सिमेंट चंद्रपूर जिल्ह्यातून येतं, कारण चुनखडी तिथे आहे. घुग्घुसला एसीसी, उपरवाहीला अंबुजाचा मराठा सिमेंट, आवारपूरला एल अँड टी, गडचांदूरला माणिकगढ, नारंड्याला मुरली. एकेकाळी हे पाच वेगळे मालक होते. आज? एसीसी आणि अंबुजा आधी होल्सिमकडे आणि सप्टेंबर २०२२ पासून अदानींकडे. आवारपूर आणि माणिकगढ दोन्ही अल्ट्राटेककडे. मुरली दिवाळखोरीतून दालमियांकडे. गोण्यांवरची नावं फारशी घटलेली नाहीत, मालक तीन. देशात डझनावारी सिमेंट कंपन्या आहेत ही गोष्ट नागपूरच्या ठेकेदाराच्या काय कामाची? सिमेंट जड आणि स्वस्त, लांबून आणलं की भाडंच नफा खातं. त्यामुळे सिमेंटची बाजारपेठ देशाची नसते, आसपासच्या दोन-चारशे किलोमीटरची असते. बंदराजवळच्या शहराला निदान परदेशी मालाचा धाक असतो. आपल्याकडून मुंबईकडे जाणारा नुसता समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा! झिरो माइलचा आपल्याला अभिमान आहे, पण आयातीची स्पर्धा पोचत नाही अशीही हीच जागा.

म्हणून केंद्रीकरण मोजताना मी तीन गोष्टी विचारतो. माझ्या टप्प्यात किती मालक आहेत? बाहेरून माल येऊ शकतो का? आणि कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या साखळीतली सगळ्यात अरुंद जागा कोणती, तिथे कोण बसलंय? तिसरा प्रश्न लोक विसरतात.

त्याचं विदर्भातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण कपाशीचं बियाणं. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. काही वर्षांत कृषी केंद्राच्या फळीवर डझनावारी ब्रँड दिसू लागले, पाकिटावर निरनिराळी चित्रं, एजंटांची झुंबड. पुस्तकातल्या व्याख्येनं ही स्पर्धाच. पण पाकिटातला जनुक मोन्सॅन्टो-महिकोचा, आणि जवळजवळ प्रत्येक बियाणे कंपनी त्याची रॉयल्टी भरत होती. ४५० ग्रॅमचं पाकीट १,६०० रुपयांच्या वर गेलं तेव्हा त्यातला मोठा हिस्सा रॉयल्टीचाच होता. २००६ मध्ये आंध्र सरकार एमआरटीपी आयोगाकडे, म्हणजे मक्तेदारी रोखायच्या जुन्या आयोगाकडे गेलं, रॉयल्टीवर ताशेरे आले आणि पाकीट ७५० वर उतरलं. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणलं आणि मार्च २०१६ मध्ये बीजी-२ ची (बीटीच्या पुढच्या आवृत्तीची) रॉयल्टी १६३ रुपयांवरून ४९ वर आणली.

शेतकऱ्याचा खर्च उतरला, चांगलंच झालं. पण गोष्ट इथे संपत नाही. बीजी-२ ला २००६ मध्ये मान्यता मिळाली, त्यानंतर शेतात मोठ्या प्रमाणावर पोचलेलं एकही नवं जनुक कपाशीत अधिकृतपणे आलेलं नाही. गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं पोखरून निघाली. तणनाशक सहन करणारं बेकायदा बियाणं चोरवाटेनं गावोगाव पोचलं ते वेगळंच. किंमत नियंत्रण हा एकमेव दोषी असं मी म्हणणार नाही. मान्यतेची प्रक्रियाही अडली होती. तरी हे खरं की मक्तेदाराचा भाव सरकारनं पाडला, त्याच्या जोडीला दुसरा जनुक देणारा उभा केला नाही. सरकारी संशोधनात पैसा घातला असता तर दुसरा स्पर्धक सरकारच होऊ शकलं असतं. कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे.

मक्तेदारी म्हणजे फक्त खासगी शेठजी, अशीही एक समजूत आहे. कोळसा पाहा. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ पासून वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि गिऱ्हाईक असलेली महानिर्मिती, म्हणजे राज्याची वीजनिर्मिती कंपनी, कोराडी-खापरखेड्याला, शहराच्या वेशीवर. दोन्ही सरकारी. तरी महानिर्मितीला स्पर्धा आयोगाकडे जावं लागलं: कोळसा निकृष्ट येतो, नमुना तपासायच्या अटी एकतर्फी, करार घ्या नाहीतर सोडा. डिसेंबर २०१३ मध्ये आयोगानं कोल इंडियाला १,७७३ कोटींचा दंड केला, फेरसुनावणीत २०१७ मध्ये तो ५९१ कोटी झाला, आणि हा कायदा सरकारी कंपनीलाही लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये स्पष्ट केलं. दगड-माती मिसळलेल्या कोळशाचा खर्च शेवटी युनिटमागे विजेच्या बिलात आला. आमच्या बुटीबोरीच्या कारखानदारांना महाराष्ट्रातल्या विजेचा दर शेजारच्या राज्यांपेक्षा जास्त पडतो ही जुनी ओरड आहे. तिची कारणं अनेक आहेत, त्यातलं एक हे.

खरेदीदार एकच असला तरी हीच गत. एकाधिकार कापूस खरेदी योजना जुन्या लोकांना आठवत असेल. १९७२ पासून तीसेक वर्षं राज्यात कापूस घेणार फक्त सरकारी यंत्रणा. बाहेर भाव चढला की यवतमाळचा कापूस रातोरात आदिलाबादकडे, बाहेर पडला की सगळा माल इथल्या केंद्रावर, गाड्यांच्या रांगा आणि तोटा राज्याच्या तिजोरीवर. हेतू शेतकऱ्याला अडत्याच्या तावडीतून सोडवण्याचा होता. आणि संत्र्याचं म्हणाल तर नागपूरच्या कळमना बाजारात विकणारे हजारो, अडते पुष्कळ, लिलाव उघड. स्पर्धेच्या पुस्तकात फोटो छापावा अशी जागा. पण बांगलादेशानं संत्र्यावरचा किलोमागचा आयातकर २०१९ ते २०२३ या काळात चौपटीहून जास्त केला आणि काटोल-वरुडच्या बागाइतदाराचा भाव कोसळला. हजार विक्रेते आणि बाहेर एक मोठं गिऱ्हाईक, यात कोण कुणाच्या हातात असतं ते दिसलंच.

आता देशाच्या अर्थव्यवस्थेकडे येतो; मघाशी 'दुसरीकडे' म्हणालो ते इथे. हिंगण्याच्या एका फॅब्रिकेशन युनिटची कॉस्ट शीट डोळ्यांसमोर घ्या (आकडे समजण्यापुरते). शंभर रुपयांच्या मालात पासष्ट रुपयांचं पोलाद. मजुरी, वीज, वेल्डिंगचं सामान, व्याज मिळून एकोणतीस. हाती राहतात सहा. पोलादाचे भाव दहा टक्क्यांनी वाढले तर साडेसहा रुपये गेले, म्हणजे नफा संपून अर्धा रुपया पदरचा. तो भाव वाढवू शकत नाही, कारण त्याचा खरेदीदार एक बडी कंपनी आहे आणि वर्षभराचा रेट कॉन्ट्रॅक्ट आहे. वरही मोजके, खालीही मोजके, हा मधला एकटा नाही, शेकड्यांनी आहेत, आणि म्हणूनच त्याला कुणी विचारत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं पोलादाच्या आयातीवर २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड शुल्क लावलं. स्वस्त चिनी मालापासून पोलाद कारखाने वाचले. त्या पोलादापासून वस्तू बनवणारे मात्र महाग कच्चा माल घेऊन तयार चिनी वस्तूशी झुंजत राहिले. रोजगार कुठे जास्त आहे, भट्टीत की वर्कशॉपमध्ये, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

पैशाचंही तसंच. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा २००६ चा, मिळतात नव्वदीला. म्हणून प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ब(एच) आणलं: वेळेत दिले नाहीत तर खर्चाची वजावट त्या वर्षी नाही. त्यावर एका बड्या खरेदीदाराच्या खरेदी विभागानं माझ्या अशिलाला सुचवलं की तुमची उद्यम नोंदणीच (लघुउद्योग असल्याची नोंद) काढून टाका, मग प्रश्न मिटला. कायदा चांगला, पण दोघांतली ताकद सारखी नसेल तर तो असा वळवला जातो.

अशा लाखो कॉस्ट शीट एकत्र केल्या की जे चित्र येतं ते राष्ट्रीय आहे. नफा साखळीच्या अरुंद जागी साचतो आणि जोखीम दोन्ही टोकांना, म्हणजे शेतकरी, लहान कारखानदार आणि गिऱ्हाइकाकडे जाते. टोकाकडे पैसा नसेल तर तो नवं यंत्र घेत नाही, माणूस कायम करत नाही. आणि अरुंद जागी बसलेल्याला गुंतवणुकीची घाई नसते, कारण क्षमता वाढवली तर भाव पडतील.

रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी २०२३ मध्ये यावर एक निबंध मांडला. रिलायन्स, टाटा, आदित्य बिर्ला, अदानी आणि भारती या पाच समूहांचा वित्तेतर क्षेत्रातल्या मालमत्तेतला वाटा १९९१ मधल्या सुमारे १० टक्क्यांवरून २०२१ मध्ये १८ च्या जवळ गेला, आणि त्यांच्या खालच्या पाच समूहांचा १८ वरून ९ च्या खाली आला. माझ्या दृष्टीनं दुसरा आकडा जास्त बोलका. मोठे वाढले यात नवल नाही. मोठ्यांना उद्या टक्कर देऊ शकले असते ते खालचे आटले. आचार्यांचा आणखी एक मुद्दा असा की कच्चा माल स्वस्त झाला तरी असे समूह भाव पूर्ण उतरवत नाहीत, त्यामुळे महागाई चिवट होते आणि व्याजदराचा चाबूक मारूनही ऐकत नाही. समूह मोडून काढा, या त्यांच्या सूचनेशी मी सहमत नाही. आपल्याकडे मोडण्याचं काम ज्या खात्याकडे जाईल ते खातं कुणाचं ऐकेल? त्यापेक्षा आयातशुल्क उतरवणं सोपं आणि कमी वशिल्याचं.

कारण परवान्याचा काळ आम्ही पाहिलाय. १९६९ चा एमआरटीपी कायदा मक्तेदारी रोखायलाच आणला होता. कारखाना वाढवायचा तर दिल्लीची परवानगी. परिणाम उलटा झाला: जे आत होते ते सुरक्षित, बाहेरचा आत येईना, आणि बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. १९९१ मध्ये ती अट गेली. मोठं असणं हा दोष नव्हेच. सिमेंटची भट्टी, पोलादाचा कारखाना, मोबाइलचं जाळं लहान आकारात परवडत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा डेटा मातीमोल झाला, तोही एका मोठ्या समूहाच्या खिशामुळेच. भाव चढले ते नंतर, बाकीचे गळून खासगीत तिघं उरल्यावर.

आणि मोठेपणाचा एक परिणाम भावात दिसतच नाही. केंद्रीकरण मोजायचा एक निर्देशांक आहे, हरफिंडाल-हर्शमन. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज करायची. २०२५ च्या अखेरीस देशांतर्गत विमानसेवेत इंडिगो साधारण ६५ टक्के, एअर इंडिया समूह २६ च्या आसपास. नुसत्या या दोघांचे वर्ग ४,२२५ आणि ६७६, मिळून ४,९०१. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १,८०० च्या वर गेलं की बाजार अति केंद्रित मानतात. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. शेवटी नियामकालाच इंडिगोपुरते काही नियम तात्पुरते सैल करावे लागले आणि सरकारनं भाड्यावर कमाल मर्यादा घातली. नियम सुरक्षिततेचा होता! पाच विमान कंपन्या बरोबरीच्या असत्या तर एकीला शिक्षा करून बाकीच्यांवर काम भागलं असतं. एवढी मोठी कंपनी अडली की देश अडतो, आणि नियामक हात जोडतो.

राहिला तुमचा धंदा. पुढच्या करारात सिमेंट आणि सळईचा मूळ दर तारखेसह लिहा आणि त्यावर पाच टक्क्यांपलीकडची वाढ-घट मालकाच्या खात्यात जाईल असं कलम टाका. सरकारी कामांत अशी कलमं असतात, खासगीत लोक संकोचानं टाकत नाहीत आणि मग स्लॅबच्या वेळी भांडतात. घट झाली तर तीही द्यावी लागेल, हे मालकाला आधीच सांगितलं की तो सही करतो. डीलरशी बोलताना बिलाचा भाव सोडा, स्कीम धरून निव्वळ किती ते विचारा, आणि महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात विचारा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय; जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे करत असेल तर परत करा. चार-पाच ठेकेदार मिळून एकदम माल उचललात तर नॉन-ट्रेडचा भाव मागता येतो, मात्र त्या गोण्या किरकोळीत विकायच्या नसतात, आपल्याच साइटवर लागल्या पाहिजेत. एवढं एकत्र येणं कायद्यात बसतं. पण त्याच चहाच्या टपरीवर पाच जणांनी महापालिकेच्या टेंडरचे दर आपसात ठरवले, तर ज्या कलम ३ खाली तुम्हाला सिमेंट कंपन्यांवर कारवाई हवी आहे तेच तुमच्यावर लागतं.